बाहेरून उघडणारी कडी

तिने नाणं कडीच्या खाचेत बसवलं आणि कान बाथरूमच्या दाराला लावला. आत पाणी पडत होतं, पण गाणं नव्हतं. ती अर्धा श्वास घेऊन तशीच थांबली. नाणं हलकेच फिरवलं, परत मागे घेतलं, पुन्हा फिरवलं.

"आई, नाणं काढ. खरखर ऐकू येतेय मला."

"मी कुठे काय करतेय? दार पुसत होते," ती म्हणाली आणि पदराने दार पुसूही लागली.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ते तिला जमतही नसे. पण या बाथरूमचा इतिहासच तसा होता. लेक शाळेत जायला लागली आणि तिला फिट्स यायला लागल्या. बाप त्याआधीच देवाघरी गेलेला. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या या बाईने मग स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन आतली कडी काढून टाकली आणि नियम केला, की अंघोळ होईपर्यंत पोरीने गात राहायचं. ख्रिस्ती देवळातली सगळी गीतं पोरीला पाठ होती ती या नियमामुळे. केस धुवायच्या दिवशी ती सर्वांत लांबलचक गीत निवडायची. गाणं जरा थांबलं, की शिलाई मशीनचा आवाज बंद, आणि आई दारात हजर. शेजारचे पोरीला रेडिओ म्हणायचे.

आता रेडिओ चांगली मोठी झाली होती. दातांच्या कवळ्या बनवायचं काम शिकली होती आणि दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कारखान्यात तिला नोकरी लागली होती. कित्येक वर्षांत फिट आली नव्हती. डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं, गोळ्या चालू ठेवा आणि पोरीला जगू द्या. बाहेरून नाण्याने उघडता येणारी कडीही त्यांनीच सुचवली. लेक ती घेऊन आली, दोन स्क्रू फिरवून बसवली आणि म्हणाली, जायच्या आधी घरीच सवय करू, तुलाही आणि मलाही. आणि गाणं बंद.

इथवर ठीक होतं. पण आईला राहवलं नाही. लेकीने तिकडे एका विधवा बाईंच्या घरात खोली ठरवली होती. आईने त्यांचा नंबर लेकीच्या फोनमधून उतरवून घेतला आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. आजार सांगितला, कडी काढून ठेवा म्हणाली, सकाळी जरा कान देऊन ऐकत चला म्हणाली, रात्री एकदा डोकावा म्हणाली. घरमालकीण बिचारी घाबरली. एवढी जोखीम मला या वयात झेपायची नाही, असं तिने त्याच सकाळी लेकीला कळवलं.

लेक भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. डोकं टॉवेलने पुसत ती बाहेर आली आणि मशीनसमोर उभी राहिली.

"मी त्यांना सांगणारच होते आई. काय झालं तर काय करायचं, काय करायचं नाही, सगळं. पण मी सांगणार होते. माझ्या तोंडाने."

आईने सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही ओवला गेला नाही.

त्याच दुपारी शाळेच्या मोठ्या बाई ड्रेस बेतून घ्यायला आल्या. या बाई म्हणजे तिच्या डोक्याला ताप. कापड देऊन निघून जातील तर शपथ. खुर्ची ओढून टेबलाला चिकटून बसायच्या आणि सुरू. बाहीचा मुंढा जरा सैल ठेवा, गळा इतका नको, कात्री तिकडून लावा. आज तर आईने कात्री उचलली तसा त्यांनी कापडावर हातच ठेवला. एरवी ती हसून वेळ मारून नेई. आज तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"बाई, कापड माझ्याकडे दिलंत ना? मग हात काढा. नसेल भरवसा तर घरी घेऊन जा. दोघींनी धरलेलं कापड कापता येत नाही."

बाई चपापल्या. हात काढला, खुर्ची मागे घेतली, आणि थोड्या वेळाने चक्क निघून गेल्या. ड्रेस बेतून झाला, आणि छान बेतला गेला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे ती पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थनेला बसली. तिची प्रार्थना म्हणजे प्रभूला दिलेला दिवसभराच्या कामांचा हुकूमच असे. लेकीला नोकरी लागू दे, पण जवळची. तिला जाऊ दे, पण पावसाळा संपल्यावर. कोणीतरी सतत सोबत असू दे, शक्यतो बाई असू दे, शक्यतो झोप कमी असलेली. आजही ती त्याच ओघात निघाली. प्रभू, माझी पोर तुझ्या हाती देते, फक्त एवढं कर की…

आणि ती अडखळली. तिला एकदम शाळेच्या मोठ्या बाईंचा तो अंगठीवाला हात दिसला, कापड घट्ट दाबून धरलेला. इतकी वर्षं प्रभूच्या टेबलाला खुर्ची चिकटवून ती स्वतःच बसली होती. तिला आधी हसू आलं. मग भीती वाटली, कारण हात काढायचा म्हणजे खरोखरच काढायचा. मग मात्र तिला रडू फुटलं. जरा वेळाने ती आमेन म्हणाली, कारण मागायचं काही उरलं नव्हतं.

उठून ती लेकीकडे गेली.

"चुकलं माझं. त्या घरमालकीण बाईंना तू फोन कर. तुला सांगायचं तसं सांग."

लेकीने आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. शब्द कानावर पडू नयेत म्हणून आई मशीनवर बसली आणि कापड नसतानाच पाय मारत राहिली. लेक बाहेर आली ती हसतच. घरमालकिणीने पुष्कळ प्रश्न विचारले होते, सगळी उत्तरं नीट ऐकून घेतली होती, आणि शेवटी एकच अट घातली होती. तिची कवळी बोलताना निसटायची. ती आधी घट्ट करून द्यायची.

रविवारी सकाळी लेक अंघोळीला गेली. कडी लागल्याचा आवाज आला. आई नाणं घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. किती वेळ गेला कोण जाणे, तिला तरी तो फार वाटला. दार उघडलं तेव्हा नाणं तिच्या मुठीतच होतं. तसंच मुठीत घेऊन ती देवळात गेली.

उपासनेत दानाची थैली फिरू लागली आणि गीत सुरू झालं. हे तेच लांबलचक, केस धुवायच्या दिवसाचं गीत. शेजारी लेक मोकळ्या गळ्याने गात होती. थैली आईसमोर आली. तिने मूठ उघडली. तळहातावर नाण्याचा लाल वण उठला होता. तिने नाणं आत सोडलं आणि थैली पुढे दिली.

शेजारचं गाणं थांबलं.

इतकी वर्षं तो आवाज थांबला, की ती हातातलं टाकून धावली होती. आताही तिचे पाय धावायला निघाले. पण तिने मान वळवली नाही. समोर बघत, आपल्या बेसूर आवाजात, तिने पुढची ओळ स्वतःच उचलली. पुढच्या बाकावरच्या कोणीतरी वळून पाहिलं. ती गात राहिली.

कडवं संपता संपता लेकीने डोळे पुसले, नाक पुसलं, आईच्या आवाजाला आवाज मिळवला आणि तिला हळूच सुरात आणलं.