बिनदेवाचा सण

"ताई, हे काय हाय?"

प्रेमला मागच्या दारात उभी होती. आठवा महिना लागलेला, एक हात कमरेवर. तिच्या मागे हळदीकुंकवाला आलेल्या बायका माना उंच करून अंगणात बघत होत्या. अंगणात तिची सहा वर्षांची शीला हात लांब धरून रडत उभी होती आणि तिच्या नव्याकोऱ्या झग्यावरून पिवळा बलक ओघळत चपलेत चालला होता.

"अंडं हाय," कौशल्या म्हणाली.

"ते दिसून राहिलं मले. आपल्या घरी कावून हाय?"

या प्रश्नाचं उत्तर कौशल्येने बरेच दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. ऐन वेळी त्यातलं एक अक्षर आठवेना. तिच्या पायाशी टोपली होती आणि टोपलीत पळसाच्या रंगात रंगवलेली केशरी अंडी. गल्लीतल्या पोरांनी दोन-दोन अंडी एकमेकांवर टकटक आपटायची, ज्याचं फुटणार नाही तो जिंकला, असा खेळ. पण इथे जिंकायला कोणी उरलंच नाही. पहिल्याच टकटकीत सगळ्यांचीच अंडी फुटली. कुणाची बाही बरबटली, कुणाची चड्डी.

शेजारची हरबंस कौर कुंपणापलीकडून हे बघत होती. ती पोट धरून हसायला लागली. "हाय रब्बा! बहनजी, आपने तो कच्चे ही रंग दिए!"

कौशल्येने एक फुटकं कवच उचलून पाहिलं. अंडं आधी कच्चं असतं, ते उकडावं लागतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? याआधी उभ्या जन्मात तिने अंड्याला हात लावला नव्हता. आत चैत्रगौर झुल्यावर बसली होती, पुढ्यात कैरीची डाळ होती, पन्हं होतं, आणि मागच्या अंगणात हा चिखल. बायका कुंकू लावून घेऊन लगबगीने निघाल्या. पन्हं किती जणींच्या घशाखाली उतरलं कोण जाणे.

कौशल्या ही प्रेमलाच्या नवऱ्याची, नरहरीची थोरली बहीण. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. पुढे नरहरीला भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्लार्कची नोकरी लागली, कारखान्याच्या वसाहतीत, एका सेक्टरात क्वार्टर मिळालं, तेव्हा सामानाबरोबर तीही आली आणि सामानासारखीच कोपऱ्यात लागली. घरात तिला कुणी टाकून बोलत नसे, जेवायला वेगळं वाढत नसे. पण सण आला की पुरण वाटायचं तिने, करंज्या भरायच्या तिने, आणि बायका दारात आल्या की स्वयंपाकघरात जायचंही तिनेच. जा म्हणावं लागत नसे. आपल्या हाताने पोरांच्या हातावर काही ठेवावं आणि ते सणाचं असावं, असा एकही दिवस तिच्या वाट्याला येत नव्हता. बाकी कशाचं तिला फारसं वाटत नसे. याचं वाटायचं.

क्वार्टरापासून दोन रांगा सोडून रशियन इंजिनियरांची घरं होती. त्यातल्या गालिना नावाच्या बाईची पोरगी, नाद्या, सांभाळायला कौशल्या दुपारची जायची. आदल्या वर्षी चैत्रातच एक दिवस गालिनाने पातेलंभर कांद्याच्या साली घेतल्या आणि त्यात अंडी उकळायला टाकली. कौशल्या नाकाला पदर लावून दारात उभी राहिली. अंडी बाहेर आली ती विटकरी लाल. गालिनाने त्यांना तेलाचा हात लावला, एकेक अंडं जमलेल्या पोरांच्या हातात दिलं, गालाचा मुका घेतला आणि मग टकटकीचा खेळ सुरू झाला.

"किस देवता का है?" कौशल्येने विचारलं होतं.

गालिनाने आधी रस्त्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "देवता नहीं. देवता मना है. मेरा नानी करता था. बच्चा लोग खुश. बस."

तिकडे म्हणे सरकारने देव काढून टाकला होता आणि अंडी तेवढी राहून गेली होती. गालिनाला त्याचं काय वाटायचं ते तिचं तिला ठाऊक. कौशल्येच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र सुरू झालं. देव नाही म्हणजे पूजा नाही. पूजा नाही म्हणजे कुंकू नाही, सोवळं नाही, सवाष्ण नाही. मग विधवेने आत बसावं असं म्हणायला या सणात उरतं कोण?

पावसाळा संपला आणि गालिना नवऱ्याचं काम आटोपून आपल्या देशी परत गेली. कौशल्येने सण ठेवून घेतला.

आता घरात अंडी उकळायची तर वास येणार, प्रेमला विचारणार. पण होळीचा वाळवलेला पळस डब्यात होता. पळसाची फुलं उकळून, पाणी निववून, त्यात चिमूटभर चुना टाकला की केशरी रंग चढतो, हे वर्ध्याकडच्या बाईला शिकवावं लागत नाही. गालिना अंडी उकळते ती रंग यावा म्हणून, अशी कौशल्येची पक्की समजूत. आपला रंग थंड पाण्यातही चढतो, मग आच कशाला? सुपेल्याच्या बाजारातून आणलेली अंडी तिने कोळशाच्या पोत्यामागे बादलीत बुडवून ठेवली. रंग इतका सुरेख आला, की गालिनाने तोंडात बोट घातलं असतं.

संध्याकाळी नरहरी ऑफिसातून आला तेव्हा अंगण ओलंचिंब होतं आणि घर गप्प होतं. प्रेमलाने त्याला सगळं सांगितलं. तो मागे आला. कौशल्या शीलाचा झगा घासत बसली होती.

"ताई, पोट्ट्यांसाठी काही कराचंच होतं त लाडू कराचे. अंडे कायले?"

"लाडू करतोच ना मी. वाटते कोन?"

नरहरी पायरीवर टेकला.

"देवाच्या सणात मी कुठं बसाचं ते मले म्हाईत हाय," कौशल्या झग्याकडे बघत म्हणाली. "माही काई तक्रार नाई. मले फक्त एक दिवस असा पायजे होता का ज्याच्यात देवच नसन. मंग मले आत जा म्हनाले कोनी नसतं ना बाप्पा."

नरहरीने उठून तिच्यापुढे आणखी एक बादली पाणी आणून ठेवलं. भला माणूस, पण भल्या माणसांना अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. आत प्रेमला भांडी लावत होती, तिचा आवाज मध्येच थांबला.

पुढे प्रेमलाला मुलगा झाला. बारशाला नरहरीची आई अंजनाबाई पुलगावहून आली. मुलाचं नाव वारलेल्या आजोबांचं, देवराव, ठेवायचं ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. अंजनाबाईंनी त्यासाठी शेजारच्या दुर्ग शहरातून नरहरीच्या चुलत बहिणीला, सिंधुताईला, बोलावून घेतलं आणि आपल्या पोटच्या पोरीला म्हणाल्या, "कौशल्ये, तू घुगऱ्याकडं पाय व." कौशल्येने घुगऱ्यांकडे पाहिलं. बाहेर पाळणा हलला, बायका हसल्या, तिच्या बापाचं नाव सिंधुताईने घेतलं. प्रेमलाने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, पण सासूपुढे ती बोलली नाही. त्या दिवसापासून कौशल्या बाळाला 'राजा' म्हणायची, 'सोन्या' म्हणायची. नावाने कधी हाक मारली नाही.

पुन्हा चैत्र आला. कौशल्येने अंड्यांचं नाव काढलं नव्हतं. झाली तेवढी शोभा पुरे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. एक दिवस कांदे काढायला ती टोपलीपाशी वाकली, तर टोपलीमागे कापडी पिशवी होती. पिशवी हातात घेतली तर फुलासारखी हलकी. आत नुसत्या कांद्याच्या साली, गच्च भरलेल्या.

"प्रेमला, हे कायले जमवले व?"

प्रेमला पोळ्या लाटत होती. तिने मान वळवली नाही. "हरबंसभाभी अंडे उकळून देतो म्हन्ते. चूल तिची, भांडं तिचं. साली तेवढ्या आपल्या." पोळी तव्यावर पडली. "साल काई अंडं नाई होत."

कौशल्या पिशवी छातीशी धरून उभीच राहिली.

"अन् या खेपी चांगले कडक उकडा म्हनाव," प्रेमला म्हणाली. "नाई त पुन्हा झगा धुवा लागते."

ठरलेल्या दिवशी हरबंस कौरच्या अंगणात गल्लीतली सगळी पोरं जमली. बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, छत्तीसगढी. त्यांच्या आयाही मागे येऊन उभ्या राहिल्या. कौशल्या मधोमध पाटावर बसली, पुढ्यात टोपली. आता या सणाला आधी काय करायचं आणि मग काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे कौशल्या जे करील तीच रीत झाली. तिने पहिल्या पोराला नाव विचारलं, ते मोठ्याने उच्चारलं आणि त्याच्या हातावर अंडं ठेवलं. आपलं नाव असं खणखणीत ऐकून ते पोर इतकं खूश झालं, की मग प्रत्येकालाच तसं हवं झालं. कित्येक नावं तिच्या जिभेवर वळेनात. पोरं हसत, ती पुन्हा म्हणे, बरोबर येईपर्यंत म्हणे. रांग पुढे सरकत होती. अंड्यांची टकटक सुरू झाली होती.

"नाव?" तिने पुढचं अंडं उचलत विचारलं आणि मान वर केली.

समोर प्रेमला होती. पदर अंगाभोवती घट्ट आवळून घेतलेला, अंड्यांच्या टोपलीपासून जमेल तितकी दूर, आणि कडेवर बाळ.

"तुमी सांगा," प्रेमला म्हणाली. "आत्या हा ना तुमी त्याच्या."

कौशल्येने सवयीने इकडेतिकडे पाहिलं. हरबंस कौर पातेल्यातून अंडी काढत होती. बायका पोरांच्या मागे धावत होत्या. आत जा म्हणणारं कुणी नव्हतं. ती पाटावरून उठली. बाळाच्या इवल्या मुठीत अंडं मावेना, तेव्हा तिने खालून आपला हात धरला. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. हळूच सांगितलं. रांगेत ऐकू गेलं नाही, प्रेमलाला गेलं.

प्रेमलाने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या झालेल्या हाताने कौशल्येच्या पाठीत धपाटा घातला, बारशाला नाव सांगणाऱ्या आत्याला घालतात तसा. चांगला जोरात घातला.

मागचा बंगाली पोरगा दचकला. "मौसी, उनको मारा क्यों?"

 कौशल्या पाटावर बसली, डोळ्यांना पदर लावला, टोपलीतून पुढचं अंडं घेतलं आणि त्या पोराला त्याचं नाव विचारलं.