दोन माइक, एक जातं

मारुंजीतली जमीन विकून साळूबाई दुपारच्या टेम्पोने लेकीकडे बार्शीला निघाल्या होत्या, कायमच्या. चाळीस वर्षं गोजराबाईंच्या जात्यापाशी समोर बसलेली ही सई, जिवाची मैत्रीण. तिचा आवाज तरी घरात राहावा म्हणून गोजराबाईंनी आपल्या भाडेकरूला, अमोघला, साकडं घातलं होतं.

अमोघचा कॉम्प्युटर सात वर्षं जुना, ९८ सालचा. जात्याच्या घरघरीत ओव्या बुडू नयेत म्हणून त्याने दोघींच्या तोंडाशी वेगवेगळा माइक ठेवला, आणि प्रत्येक माइकला अंगठ्याएवढं यूएसबी साउंड कार्ड. दोन्ही एकाच दुकानातली, एकाच रंगाची.

"म्हणा आजी."

जातं फिरलं. गोजराबाईंनी पहिली ओळ टाकली, साळूबाईंनी दुसरी उचलली. अमोघने ऐकून पाहिलं. दोन्ही ट्रॅकवर गोजराबाईच. साळूबाईंचा आवाज भिंतीपलीकडून कुठूनतरी आल्यासारखा.

यादीत दोन्ही कार्डांचं नाव एकच. यूएसबी ऑडिओ डिव्हाइस, यूएसबी ऑडिओ डिव्हाइस. कोणतं कुणाचं? एक काढून दुसरीकडे खुपसलं, तर नुसती चरचर. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पाच मिनिटं गेली, आणि आता दोन्हीकडे साळूबाई, गोजराबाई गायब.

"पोरगी एक दाखवायची अन् मांडवात दुसरीच उभी करायची, तसला परकार हाय ह्यो," साळूबाई म्हणाल्या.

"एकेकट्या म्हणता का? मी नंतर जोडतो."

"येड लागलं का रं? तिनं टाकल्याबिगर मी उचलू काय?"

"बरं, मग जातं न फिरवता म्हणा."

"हात थांबला की तोंड थांबतंय, बाबा. न्हाई आठवत."

म्हणजे दर खेपेला जात्यात मूठमूठ नाचणी. पाचव्यांदाही चरचर आली, तेव्हा अमोघने टेबलावर थाप मारली.

"गोजरे, पोरगं रडंल आता."

"रडू दे. तू कशाला हसतीस? तुला जायाची लई घाई!"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सुपात ओंजळभर उरली होती.

"अजून आणा ना नाचणी."

"सपली. अन् रिकामं जातं फिरवत न्हाईत, घराला बरं नसतं."

अमोघने एक कार्ड उपटून खिशात कोंबलं. "एकच चालवतो. माइक मध्ये ठेवतो."

"मधी नको," गोजराबाई म्हणाल्या. "तिच्या तोंडाशी धर. मी हाय हितंच."

शेवटची ओंजळ जात्यात पडली.

*सई निघाली गावाला, घालते मी तिची वेणी*
*उंबऱ्यात उभी राहून, नको डोळां आणू पाणी*

दाणे सरले, खुंटा हलका झाला तसा साळूबाईंनी हात काढला. अमोघने ऐकलं. साळूबाईंची ओळ श्वासासकट आली होती. पहिली घरघरीत गेली होती.

"तुमची नाही आली, आजी," तो चिडून म्हणाला. "एवढं करून!"

"माजी मला पाठ हाय," गोजराबाई म्हणाल्या, आणि साळूबाईंच्या पिशवीत पीठ भरू लागल्या.