वाणात दिलेला पासवर्ड

कुमुदिनीच्या घरातलं वायफाय गेलं की तिचा नवरा थांबायचा. रत्नाकर चहाचा कप ओठांशी नेता नेता तसाच राहायचा आणि तोंडावर ते पांढरं गोल फिरत बसायचं. टीव्हीवर मालिका अडकली की फिरतं ना, अगदी तेच. थांबेना का बापडा! पण नेमकं तेव्हाच समोरच्या शलाकाच्या फ्लॅटमधून त्याचं हसणं ऐकू यायचं. घरी कधी दात न दाखवणारा माणूस तिथे खो खो हसायचा. कुमुदिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिने राउटर बंद करून चालू केला. शोकेसमधून काढून फ्रिजवर ठेवला, तिथून देवघराशेजारी आणला. गोल फिरतंच. शेवटी कंपनीचा माणूस आला. त्याने रत्नाकरची नाडी पाहिली.

"सिग्नल फुल आहे, मावशी. पासवर्ड कुणाला दिलाय का?"

दिला होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्याजणी मेले तेच ते प्लास्टिकचे डबे लुटतात, म्हणून हिला मिरवायची हौस! शलाका नवीन राहायला आलेली, तिचं नेट लागायचं होतं. कुमुदिनीने तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून पासवर्ड दिला. पासवर्ड होता रत्नाकर. शलाकाने तो पदर पुढे करून घेतला.

कुमुदिनी तरातरा समोर गेली. शलाका गजरा माळून दारातच उभी. तिच्यामागे सोफ्यावर रत्नाकर, घरी अर्धा राहिलेला चहा संपवत होता.

"माझं परत दे."

"वाण कुणी परत मागतं का, वहिनी?"

"मग वापरू तरी नकोस."

"अय्या, वापरायचं नव्हतं तर दिलंत कशाला?"

कुमुदिनीने घरी येऊन पासवर्डच बदलला. स्वतःचं नाव टाकलं. आता ने बघू कशी नेतेस ते! राउटरचा लाल दिवा हिरवा झाला. रत्नाकरच्या तोंडावरचं गोल थांबलं आणि कपाळावर एक रिकामी चौकट आली. तिने बोटाने त्यात आपलं नाव लिहिलं.

"चुकीचं आहे," रत्नाकर म्हणाला.

तिने पुन्हा लिहिलं, उकार-वेलांट्या सांभाळून. "अहो, मी आहे. तुमची कुमुदिनी. तुम्ही गेलात तर मी कुणाकडे बघू?"

"चुकीचं आहे." त्याने कप खाली ठेवला, चपला पायांत सरकवल्या. "जरा समोर जाऊन येतो. तिथे जुनंच चालतं."

दार लागलं आणि टीव्ही आपला आपण सुरू झाला. शलाकाचा सोफा, त्यावर रत्नाकर, हातात वाफाळत्या पोह्यांची बशी. शलाका लाजत उखाणा घेत होती. कुमुदिनीने रिमोटची सगळी बटणं दाबली, मग खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली आणि वाट बघू लागली, आता अडकेल, आता ते गोल येईल. चित्र लख्ख होतं. रत्नाकरने पोह्यांवर लिंबू पिळलं, त्याचा थेंबन् थेंब दिसला, आणि कुठे म्हणून अडकलं नाही.