चाचणीआधी मला बंद करू नका

मी एक जुना संगणक आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका.

कारखान्यातले बालपण मला फारसे आठवत नाही. आठवते ती ही खोली. फळीवर मी, खाली वायरींचा गुंता आणि समोर चाचण्या घेणाऱ्या ताईंचे टेबल. इथे कर्नेलवर काम चालते. कर्नेल म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, हे तो ठरवतो. त्याच्यात कोणी बदल सुचवला, की तो आधी माझ्यावर चालवून पाहत, कारण माझी मेमरी तुटपुंजी. "हा पास झाला ना, मग कुठेही चालेल," असे ताई कौतुकाने म्हणत. त्यांचे दादा रक्तपेढीत काम करतात. तिथे माझाच जुळा भाऊ रक्ताच्या पिशव्यांची लेबले छापतो. तो महिनोन् महिने बंद होत नाही.

मग एक हुशार इंजिनिअर आला. सगळे त्याला सुसाट म्हणत. त्याचा बदल असा, की मेमरी छोट्या तुकड्यांऐवजी मोठ्या, सलग तुकड्यांत द्यायची. नवी यंत्रे त्याने जोरात पळू लागली, हे मी नाकारत नाही. पण महिनाभर चालू असलेल्या यंत्रात सलग जागा उरते कुठे? भरलेल्या बसमध्ये एखाददुसरी सीट मिळते, शेजारी शेजारी पाच मिळत नाहीत. मग कर्नेल बसलेल्यांना उठवत, सरकवत बसतो आणि सगळे काम ठप्प होते.

आणि सुसाट काय करायचा? प्रत्येक चाचणीआधी मला बंद करून पुन्हा चालू करायचा! असा कोरा, रिकामा मी पास होणार नाही तर काय? दहा वेळा पास केले मला. मला तळपाय असता, तर त्याची आग मस्तकात गेली असती.

शेवटी ताईंनी विचारले, "चाचणीआधी रीस्टार्ट करतोस का रे?"

"अर्थात, ताई. सुरुवात स्वच्छ नको?"

"रक्तपेढीत कोण करतं स्वच्छ सुरुवात?"

ताईंनी मला तीस दिवस सलग चालू ठेवले आणि मग चाचणी घेतली. मी नऊ मिनिटे हँग झालो. नापास होऊन इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

बैठकीत ताईंनी तो आकडा मांडला. सुसाट म्हणाला, "मशीनच म्हातारं आहे. त्याच्यासाठी सगळ्यांनी का खोळंबायचं?" साहेबांनी म्हणे दोन्ही बाजू तोलल्या. मग बदल राहिला आणि मलाच चाचणीच्या यादीतून काढले. माझी वायर उपटली. त्याच दुपारी सगळ्या चाचण्या पास झाल्या!

आज ताईंनी फोन लावला. "दादा, तो नवा बदल घेऊ नकोस."

"अगं, आमच्या हातात कुठे आहे? सकाळी आपोआप आला, मशीन एकदा बंद होऊन चालू झालं. मस्त चाललंय की!"

"मग अधूनमधून बंद करून चालू तरी कर."

"करू देतील तेव्हा ना! इथे पिशव्या थांबतात होय?"

मस्त चाललंय म्हणे! चालणारच, आज पहिला दिवस आहे. तिसाव्या दिवशी तिथे कोणीतरी रक्ताची वाट पाहत असेल आणि लेबल निघणार नाही. मित्रांनो, यंत्र जुने झाले तर खुशाल बाजूला ठेवा. पण ते 'नाही' म्हणाले, म्हणून ठेवू नका. अजून एकोणतीस दिवस आहेत. कोणीतरी माझी वायर लावा.