अर्ध्या मार्काची गोळी

देवाने सासऱ्यांना मन दिलं ते लोण्याचं. मग निदान त्यांच्या हाती लाल पेन तरी द्यायला नको होतं!

सून औषधांच्या दुकानात मागच्या खोलीत माल लावायची. पुढे काउंटरवर उभं राहून औषध द्यायचं, तर सरकारी परीक्षा पास हवी. दोनदा आपटली होती. तिसरी संधी शेवटची. म्हणून दर रविवारी जेवणाच्या टेबलावर सराव परीक्षा. सासरे निवृत्त हेडक्लार्क. घड्याळ लावायचे, पुस्तकं कपाटात बंद करायचे, बायकोलाही "परीक्षार्थीशी बोलू नये" म्हणून दटावायचे. एवढा कडक बंदोबस्त, आणि तपासायला बसले की विरघळलेच. अक्षर सुंदर, पाच मार्क. समास सरळ, दोन. बिचारीने तीन तास पाणीही मागितलं नाही, आणखी तीन. बेरीज ब्याण्णव! जिन्यात भेटेल त्याला ते ब्याण्णव सांगून यायचे. सुनेला मात्र कोडं पडायचं. ब्याण्णववाली बाई दोनदा नापास होते कशी?

त्या रविवारी सासऱ्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता, म्हणून पेपर सासूबाईंनी ओढला. दिवसाला सहा गोळ्या गिळणारी बाई ती.

"अहो, दोन दिवसांतून एकदा द्यायची गोळी हिने दिवसातून दोनदा लिहिलीय. मागच्या पेपरातही तेच. आणि तुम्ही अर्धा मार्क दिलात?"

"अगं, 'दोन' आलंय, 'दिवस' आलाय. अगदीच शून्य कसं देऊ?"

"मग मी काय अर्धीच मेले असते?"

सासूबाईंनी पुस्तक शेजारी उघडून फुल्या मारल्या. बेरीज एकतीस.

सासरे पुटपुटले, "मनाला लावून घेऊ नकोस हं, पोरी."

पोरगी फुल्या मोजत होती. "आई, बहुतेक सगळ्या डोसाच्याच आहेत की! इतके दिवस मी जे येतं तेच पाठ करत बसले होते."

पुढचे सहा रविवार नुसते डोस. चुकलेला प्रश्न पुढच्या पेपरात पुन्हा हजर, बरोबर येईपर्यंत. सासऱ्यांकडे फक्त घड्याळ उरलं. जिन्यात ते आता हवापाण्याचं बोलायचे.

खरा पेपर देऊन ती आली, तेव्हा ते दारातच उभे. "किती पडतील गं?"

"दोन चुकलेत, बाबा."

"दोनच? नक्की?"

"कोणते तेही सांगते," म्हणत तिने पायातली चप्पल काढायच्या आधी पुस्तक मागितलं.