आधी मेन खाली

जिन्याखालच्या भिंतीवर ह्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या तेव्हाच मी सांगितलं होतं, हे घर आहे, तुमचं वीज केंद्र नाही. हे म्हणजे माझा नवरा. लाइनमन. एकवीस वर्षं खांबावर चढताहेत आणि घरी आले की खांबावरचं सगळं ज्ञान माझ्या डोक्यावर ओततात.

छतावर सोलर पॅनल आणले ते सासऱ्यांसाठी. बाबांची फुप्फुसं दमली आहेत. दिवसभर नाकात नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, ते विजेवर चालतं. वीज गेली की दहा मिनिटांत त्यांचे ओठ निळे पडायला लागतात. एक छोटा सिलिंडर असतो जवळ, पण तो संपला की भरून यायला दोन दिवस लागतात.

तर चिठ्ठ्या. प्रत्येक खोक्यावर एक. पॅनल उन्हाची वीज करतात, ती बॅटरीत साठते, आणि इन्व्हर्टर ती घरातल्या सॉकेटला चालेल अशी करून देतो. मेन म्हणजे बाहेरच्या तारांवरून येणारी वीज घरात घेणारा खटका. जेवताना तोंडी परीक्षा व्हायची. वॅट म्हणजे काय, युनिट म्हणजे काय? मी भाजी वाढता वाढता सांगायचे, वॅट म्हणजे नळाची धार आणि युनिट म्हणजे भरलेली बादली. बाबा नळीतून हसायचे आणि म्हणायचे, मग मी म्हणजे गळका नळ. मला हसू यायचं, पण रागही यायचा. दिवसभर राबून आलेल्या बाईने रात्री ओव्हरलोड आणि शॉर्ट यातला फरक का घोकावा? तरी घोकला. ओव्हरलोड म्हणजे वीज घेणारे फार झाले, इन्व्हर्टरवर पिवळा दिवा. शॉर्ट म्हणजे वीज भलत्याच वाटेने जमिनीत गेली, लाल दिवा.

एक गोष्ट मात्र ते परत परत सांगत. आधी मेन खाली, मग इन्व्हर्टर चालू. उलटं केलंस तर आपली वीज घरात थांबायची नाही, मेनमधून उलटी बाहेर तारांवर जाईल. आणि वीज गेलेली असते तेव्हा तारेवर आमच्यातला कुणीतरी हात घालून बसलेला असतो.

खरं तर हे लक्षात ठेवायची गरजच नव्हती. भिंतीवर एक हँडल होतं, वर केलं की बाहेरची वीज, खाली केलं की सोलरची, दोन्ही एकदम शक्यच नाही. त्या हँडलला तडा गेला. गावभर लोकांना दम देत फिरणाऱ्या माझ्या नवऱ्याने ते काढलं, तारा थेट जोडल्या आणि म्हणाले, रविवारी नवीन बसवतो. असे नऊ रविवार गेले. तेवढ्यापुरती म्हणून मेनवर त्यांनी 'आधी मेन खाली' अशी मोठी चिठ्ठी लावली होती, आणि ती मी फाडली. माझी बहीण येणार होती, तिच्यासमोर भिंतीवर ती लाल अक्षरं नको वाटली. हे मी लपवत नाही.

मंगळवारी सकाळी वारा फार सुटला होता. पलीकडच्या वळणावर झाडाची फांदी तारांवर पडली आणि साडेअकराला वीज गेली. बाबांच्या मशीनची घरघर थांबली आणि ते किंचाळायला लागलं. सिलिंडर भरायला गेलेला. बाबांनी मला हाताने खूण केली, सावकाश, सावकाश. पण त्यांच्या गळ्याखालची कातडी आत ओढली जायला लागली होती. मी जिन्याखाली धावले आणि इन्व्हर्टरचं बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. जिवात जीव आला. नळी नीट बसवली, बाबांच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिले. तेवढ्यात खिडकीतून शेजारच्या शिवणवाल्या काकूंचा आवाज आला.

"आली बाई वीज. आज लवकर आली."

पाठोपाठ त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज. मी ऐकत उभी. बाहेरची वीज आली असती तर इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा लागला असता. तो लागला नव्हता. काकूंचं मशीन मग कशावर चालत होतं?

मेन वरच होता. आमच्या छतावरचं ऊन त्या क्षणी काकूंच्या घरात होतं, आणि काकूंच्या घरापर्यंत जाणारी तार पुढे वळणावर जात होती. हे सकाळी निघतानाच म्हणाले होते, आज फांद्या पडणार, दिवसभर आपल्याच भागात असेन.

मी जिन्याखाली पोचायच्या आत इन्व्हर्टर एकदा कर्कश वाजला आणि बंद पडला. काकूंचं मशीन थांबलं, बाबांचंही. खोक्यावर दिवा लागला होता.

लाल.

तो पिवळा असावा म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले. मला काहीच कळत नसतं तर किती बरं झालं असतं. मशीन बिघडलं म्हणून वैतागले असते, दोन शिव्या घातल्या असत्या. पण मला शब्द माहीत होता. वीज भलत्याच वाटेने जमिनीत गेली. कोणाच्या वाटेने? खांब, शिडी, पट्टा आणि त्या पट्ट्यात अडकवलेला माझा माणूस, एवढंच डोळ्यांसमोर आलं.

मेन खाली ओढला. हाताला इतका घाम की खटका दोनदा निसटला. मग बटण. मशीन पुन्हा घरघरलं. फोन लावला, वाजत राहिला. खांबावर चढताना फोन गाडीत ठेवायचा हा ह्यांचा नियम, एरवी मला त्याचं कौतुक. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी एकदा जिन्याखाली पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माणूस काय समजायचं ते समजला.

"तू जा," ते म्हणाले. "मशीन चालू आहे. मला काय धाड भरलीय?"

त्यांनी नळी स्वतःच नीट केली.

मी तशीच निघाले, पायांत चपलाही नाहीत. काकू दारात येऊन काय झालं विचारत होत्या. त्यांना एवढंच सांगितलं की बाबांजवळ बसा. वळण आमच्या घरापासून फार लांब नाही, बाजारातून येताना मी ते बोलता बोलता पार करते. त्या दिवशी रस्ता संपेना. मनात एकच, वर बघायचं नाही. खाली गर्दी दिसली तर समजायचं.

गर्दी नव्हती. खांबाला शिडी लावलेली, पट्टा वरून रिकामा लोंबत होता. शिडीवर कोणी नाही. कंपनीची गाडी दार उघडं टाकून उभी होती. मी गाडीला वळसा घालून पलीकडे गेले.

हे जमिनीवर बसले होते, चाकाला टेकून. त्यांचा जोडीदार, त्यांच्याहून वयाने मोठा, त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारत होता. भुवयांचे केस करपलेले. पण हात हलत होता, त्यांचा हात हलत होता. मी त्यांच्याजवळ गेले.

मला बघून त्यांना वाटलं बाबांना काही झालं. बाबा ठीक आहेत म्हटल्यावर त्यांचा राग उसळला. या रस्त्यावरच्या कुण्या शहाण्याने तारेवर वीज सोडली होती, त्याला शोधतो, त्याचं कनेक्शन तोडतो, त्याला पोलिसांत देतो, असं बरंच काही. मी त्यांचा हात धरला.

"अहो, आपण," मी म्हटलं. "आपल्या घरातून गेली."

जोडीदार पाण्याची बाटली घेऊन गाडीमागे निघून गेला, शहाणा माणूस. मी सगळं सांगितलं, चिठ्ठी फाडल्याचंही. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सांगितलं. तार तपासली होती, मेलेली होती. तपासल्यावर एक साखळी लांब काठीने तारांवर अडकवायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते, माणसातून नाही. अर्थिंग म्हणतात त्याला. दर वेळी करायचंच. पण त्या दिवशी ह्यांना घाई होती. घरी मशीन बंद पडलं असेल, सिलिंडर नाही, लवकर वीज द्यावी म्हणून म्हणाले, आज साखळी राहू दे. जोडीदाराने न बोलता काठी त्यांच्या हातात कोंबली. साखळी तारेला लागली आणि डोळ्यांसमोर जाळ झाला, मग जोडीदारानेच पट्टा सोडवून त्यांना खाली उतरवलं.

"म्हणजे तो लाल दिवा..."

"साखळीमुळे लागला."

"आणि साखळी नसती तर?"

त्यांनी हातमोजा काढून मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"तर दिवा लागलाच नसता," ते म्हणाले. "माणसातून जाते ती एवढीशी. बाबांच्या मशीनला लागते त्याच्याही पाव भाग नाही. इन्व्हर्टरला पत्तासुद्धा लागत नाही."

हे मी अजून गिळू शकलेली नाही. काकूंची शिवण चालू राहिली असती. बाबांचे ओठ गुलाबी झाले असते, मी त्यांना चहा करून दिला असता, आणि ह्यांना किती वेळ लागतोय म्हणून वैतागत बसले असते. घरात सगळं नीट चालू असतं.

संध्याकाळी नवीन हँडल बसलं. ते बसवताना ह्यांच्या हातून स्क्रू तीनदा पडला, मी उचलून दिला, दोघांपैकी कोणी कुणावर खापर फोडलं नाही. बाबा खुर्ची जिन्यापाशी ओढून सगळं पाहत होते आणि एकदाही विनोद केला नाही. आता दोन्ही विजा एकदम शक्यच नाहीत. मेन विसरला तरी काही होत नाही.

तरी आता फोन गाडीत ठेवण्याआधी हे मला एक फोन करतात, दर वेळी, शहराच्या दुसऱ्या टोकाला काम असलं तरी. विचारतात, आपलं हँडल कुठे आहे? ते काम आमच्या रस्त्यावरचं नाही, आमच्या तारेचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. मी हातातलं टाकून जिन्याखाली जाते, हात लावून बघते आणि सांगते. मग ते चढतात. मी ते उतरल्याचा फोन येईपर्यंत तिथेच उभी राहते.