शनिवारची फेरी

"म्हणजे फेरी बंद केली की नाही केली? एवढंच सांगा."

"बाई, आदेश रद्द झालेला नाही," पोलिसांचा प्रवक्ता पुन्हा तेच म्हणाला.

"आदेशाचं नाही विचारत मी. हवालदार जातो का?"

"आदेश कायम, म्हणजे धोरण कायम. दावा खोटा आहे. घ्या लिहून."

तिने लिहून घेतलं. हा गृहस्थ ताकास तूर लागू देणार नाही हे तिला पहिल्याच वाक्यात कळलं होतं, पण विचारून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे खातरजमाबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. लोकांच्या फोनवर जे काही फिरतं त्याची शहानिशा करून त्यावर 'खरं' किंवा 'खोटं' असा शिक्का मारायचा, हे तिचं सदर. तिचा नियम एकच होता. एकमेकांना न ओळखणारी दोन तोंडं एकच गोष्ट बोलली पाहिजेत. त्याशिवाय खुद्द संपादकाला तिच्याकडून एक ओळ मिळत नसे. तरुण मंडळी यावरून तिची टिंगल करत. बाईंना सूर्य उगवला असं सांगितलं तर त्या दुसऱ्या माणसाला विचारतील, म्हणत. ती हसायची. विचारलंही असतं तिने.

या वेळचा मेसेज पोलिसांबद्दलचा होता. सत्तरी ओलांडलेलं जे माणूस एकटं राहतं त्याच्या दारावर दर शनिवारी चौकीतल्या हवालदाराने जायचं, बेल वाजवायची, बरं आहे ना विचारायचं, असं शहर पोलिसांचं धोरण होतं. सुरू झालं तेव्हा मोठा गाजावाजा झाला होता, साहेबांचे फोटो आले होते. ही फेरी पोलिसांनी गुपचूप बंद केली, असं मेसेज म्हणत होता.

तिच्या नोकरीतली गंमत अशी, की दिवसभर ती लोकांना प्रश्न विचारायची आणि तिला मात्र कोणी काही विचारत नसे. आई होती तोवर 'जेवलीस का' हे इतक्यांदा व्हायचं की ती वैतागायची, एकदा तर ओरडलीही होती. आता चुकून कोणी विचारलं असतं तर तिला रडू फुटलं असतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कोणी असतं तर रडण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रवक्त्याचा नाद सोडून ती उठली आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची दारं वाजवायला निघाली.

पहिलं दार एका निवृत्त नर्सचं होतं. काठीवर भार देत तिने दार उघडलं आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली, "कोण येतंय! वर्ष होऊन गेलं. तो येईनासा झाला त्याच आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी न्हाणीत घसरून पडले मी. उठता येईना. म्हटलं, उद्या शनिवार, हवालदाराची बेल वाजेल, तेव्हा ओरडायचं. घसा ओला ठेवत पडून राहिले. शनिवार गेला. रविवारी भाचा आला म्हणून वाचले."

"तुमचं नाव घालू?"

"मोठ्या अक्षरात घाला. जन्मभर दुसऱ्यांच्या नाड्या बघितल्या, आता माझी बघा म्हणावं कोणीतरी."

एक तोंड झालं.

दुसरं दार शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या अगदी वर. तिथे एक म्हातारा शिंपी राहत होता. खोली लहान, पण खिडकी चांगली भिंतभर, आणि तिच्याखाली शिलाईचं मशीन. सगळा उजेड त्या मशीनवर पडत होता. शिंपीकाकांनी तिला एकुलत्या खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला, स्वतः पलंगावर टेकले.

"येतो ना!" ते म्हणाले. "दर शनिवारी येतो. फार सज्जन माणूस. चहा घेतल्याशिवाय मी सोडत नाही. गेल्या खेपेला तर त्याच्या गणवेशाचं बटण लोंबत होतं. म्हटलं, काढ रे बाबा, लाज आहे ही आमच्या धंद्याला. इथेच बसवून टाका घातला. पितळी बटण, असं लख्ख! तुम्ही छापा, फेरी चालू आहे म्हणून. माझं नाव घाला, गल्ली घाला, सगळं घाला."

खातरजमाबाईची पेन्सिल थांबली. मागे एकदा असाच एक दावा तिच्याकडे आला होता: पोलिसांच्या गणवेशाची पितळी बटणं जाऊन चेन येणार. त्याची खातरजमा करायला ती मुख्यालयाच्या फाटकाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या हवालदारांच्या छात्या न्याहाळत बसली होती, आणि त्यापायी तिचीच चौकशी झाली होती. दावा खरा निघाला होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "बटणं जाऊन दोन वर्षं होत आली. आता चेन असते."

"चेन?" शिंपीकाका ताठ झाले. "गणवेशाला चेन? कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? अहो, चेन खराब झाली तर माणूस काय उघड्या छातीने पहारा करणार?"

मग त्यांच्या लक्षात आलं. ते खिडकीकडे बघत राहिले.

"पकडलंत," ते म्हणाले. "पण सगळं खोटं नाही हो. तो यायचा. बटणाचंही खरं आहे, फक्त जुनं आहे. मग यायचा बंद झाला. मी शनिवारी दोन कप काढून ठेवायचो कितीतरी दिवस."

"मग मला असं का सांगितलंत?"

"पोरासाठी. तो म्हणतो, या वयात एकटं राहायचं नाही, माझ्याकडे चला. मी म्हटलं, अरे पोलीस येतात बघायला, सरकारी माणूस आहे माझ्यावर लक्ष ठेवायला. त्या बोलीवर राहू दिलंय त्याने. दर शनिवारी फोन करतो, आला होता का? मी म्हणतो, आत्ताच गेला. पोरगा चांगला आहे हो. तेच तर अवघड आहे. वाईट असता तर भांडलो असतो."

"मी तुमचं नाव घालणार नाही."

"नावाने काय होतंय? फेरी बंद असं छापलंत की तो वाचणारच. आणि मग मला तिथे जाऊन सोफ्यावर बसावं लागणार. ताई, मला अजून दोरा ओवता येतो. चष्म्याशिवाय."

आणि त्यांनी खरोखर सुई काढून, उजेडाकडे धरून, दोरा ओवून दाखवला. तिने चहाचा कप विसळून ठेवला आणि जिना उतरली.

कचेरीत संपादक म्हणाले, "खोटं म्हणून टाका आणि मोकळ्या व्हा. आदेश आहे, वर प्रवक्ता बोललाय. झाली की तुमची दोन तोंडं."

"आदेशाला तोंड नसतं," ती म्हणाली.

पण त्या दुपारी तिच्या मनात ते येऊन गेलं, हेही खरं. एक शब्द लिहायचा होता. 'खोटं' लिहिलं तर पोलीस खूश, संपादक खूश, आणि म्हातारा त्याच्या खिडकीशी. कागदोपत्री ती चुकलीही नसती. उद्या कोणी जाब विचारला असता तर आदेश पुढे करता आला असता. मग तिला न्हाणीत पडून बेलची वाट बघणारी नर्स दिसली, आणि अशा आणखी किती जणी शनिवारची वाट बघत असतील कोण जाणे. तिने फोन उचलला. शिंपीकाकांना वगळून दुसरं तोंड शोधलं. एकटाच राहणारा एक निवृत्त पोस्टमन निघाला. तो म्हणाला, "हवालदार? मला वाटलं तो मेला."

तिने 'खरं' असा शिक्का मारला.

बातमीने मोठा गहजब केला. पोलिसांनी आधी कानावर हात ठेवले, मग 'तांत्रिक कारणांमुळे खंडित झालेली' फेरी येत्या शनिवारपासून पुन्हा सुरू होत असल्याचं जाहीर केलं. संपादकांनी सर्वांदेखत तिची पाठ थोपटली. ती म्हणाली, जाहीर केलं म्हणजे सुरू झाली असं नाही, बघावं लागेल. सगळे हसले.

तिने खरोखरच बघितलं. शनिवारी नर्सला फोन केला. "आला बाई!" नर्स म्हणाली. "कोवळं पोर आहे. न्हाणीला आतून कडी लावू नका म्हणून मलाच दटावून गेलं."

मग ती शिंपीकाकांचा जिना चढली. दाराला कुलूप होतं. शेजारीण भाजी निवडता निवडता उठून आली.

"नेलं त्यांना मुलाने. पेपरात आलं ना ते, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला. रडला हो मुलगा. बाबा, इतके दिवस खोटं बोललात माझ्याशी, म्हणून. मशीन गाडीत मावलं नाही. आत्ताच एक हवालदार येऊन गेला, त्यालाही हेच सांगितलं. त्याने नाव खोडलं नि गेला."

तिने शेजारणीकडून मुलाच्या घरचा नंबर घेतला आणि तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"काका, मी खातरजमा. वर्तमानपत्रातली."

"ओळखलं, ओळखलं. बोला."

तिने माफी मागायची ठरवून ठेवली होती. पण ते आधीच म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत. त्या नर्सचं वाचलं मी. वाईट वाटलं."

"फेरी पुन्हा सुरू झाली, काका."

"अरे वा. मग इकडेही येईल का तो?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "ती एकट्या राहणाऱ्यांसाठी असते."

"बरोबर, बरोबर. मी आता कुठे एकटा?"

त्यांच्या मागे कसलाच आवाज येत नव्हता. भांडं नाही, पाऊल नाही, कोणाचं बोलणं नाही.

"घरात कोण कोण आहे आत्ता?" तिने विचारलं.

"आत्ता? आत्ता नाही कोणी. सगळे सकाळी जातात, दिवेलागणीला येतात. कामाची माणसं. शनिवारीसुद्धा असतं काही ना काही. माझं सगळं काढून ठेवून जातात हो, काही कमी नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कशासाठी फोन केला होतात? काही खातरजमा करायची होती का?"

"हो," ती म्हणाली.

"मग विचारा की. मला काही घाई नाही."

तिची वही पिशवीतच होती. तिने ती काढली नाही. फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीला पाठ टेकली.

"जेवलात का?" तिने विचारलं.